‘फाशी नको’चा खोका

पत्रं गोळा करण्यात बाईंची उभी हयात गेली. त्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक, आणि फाशीबद्दल लोकांनी वर्तमानपत्रांना लिहिलेली पत्रं हा त्यांचा विषय. पत्र आलं की सहीवर काळी शाई फिरवायची, पहिलं वाक्य वाचायचं आणि खोक्यात टाकायचं: ‘फाशी द्या’ किंवा ‘फाशी नको’. यंदा एका खुनाच्या खटल्यावरून दुसरा खोका ओसंडून वाहिला. लोकांच्या मनात दया वाढलीय, असं बाई पेपरात सांगून मोकळ्या झाल्या.

ते वाचून एक म्हातारी दारात आली. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेला तो तिचाच मुलगा. दयेचा अर्ज उद्या जायचा होता.

"बाई, अर्जाला जोडायला चार पत्रं द्या. लोक नको म्हणतायत ना?"

"चार कशाला, चाळीस न्या!" बाईंनी खोका टेबलावर उपडा केला आणि हौसेनं मोठ्यानं वाचायला घेतलं. "‘फाशी नको. दोन मिनिटांत सुटेल मेला. आधी नखं...’"

बाईंची जीभ अडखळली. त्यांनी दुसरं उचललं. फाशी नको, चौकात बांधून आमच्या हाती द्या. तिसऱ्यात उकळत्या तेलाचं माप, आणि खाली ‘आपला नम्र’. शी! अक्षर मोत्यासारखं आणि आत ही घाण! एकानं तर पोरांना दाखवायला पुढची जागा मागितली होती. बाईंना लोकांची किळस आलीच, पण त्याहून स्वतःची आली. पहिल्या वाक्यावर भागवणारी ही कसली विद्वत्ता, जळो मेली!

"पुढे काय लिहिलंय?"

"काही नाही हो, आजी. अक्षर लागत नाही."

"मला लागतं," म्हणत म्हातारीनं चष्मा चढवला. एकेक पत्र वाचून ती पालथं ठेवत गेली. बाई वेड्यासारखा ढीग उपसत राहिल्या. अखेर एक सापडलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हे बघा! ‘फाशी नको. केलं ते वाईटच, पण मारून काय मिळणार? जन्मभर आत ठेवा, पण जिवंत ठेवा.’ आहेत हो, चांगली माणसं आहेत!"

म्हातारीनं कागद घेतला, सहीवरच्या काळ्या शाईवरून अंगठा फिरवला आणि तो परत दिला.

"हे नाही चालायचं, बाई. हे मीच लिहिलंय."