कांद्याचं माहेरपण

माझी चुलती साळूबाई भारी तापट. अख्ख्या घराला तिच्या जिभेचा धाक. पण लढाई संपली त्या वर्षी तिचा सगळा राग स्वतःवर होता.

तिचे यजमान हरिबाकाका इटलीच्या आघाडीवरून लंगडत का होईना, जिवंत घरी आले. गावच्या इतर शिपायांनी कांबळी आणली, बूट आणले. काकांच्या ट्रंकेत निघाले सहा कांदे. ते पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले, तेव्हा चुलतीने त्यांतल्या चारांचं कालवण केलं. काका परतले, जेवले, ताट पुसून घेतलं आणि मग हळूच म्हणाले, "ते खायाचं न्हवतं गं. फुलाचं व्हतं. ट्यूलिप म्हणत्यात. इस्पितळात शुद्धीवर आलो, तवा उशाला त्येच फूल व्हतं. ते बघून वाटलं, आपुन जित्तं हाय. तुला दावायला आणलं."

मागाहून चुलतीने कालवण चाखलं. कडूजहर! नवऱ्याने ते मुकाट गिळलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

उरलेल्या दोनांतला एक तिने हळदीच्या वाफ्यात लावला. आमची काळी माती पाणी धरून बसते. कांदा पंधरा दिवसांत कुजला.

"त्याला थंडी लागती," काका म्हणाले. "बर्फाखाली निजतो त्यो. सांगलीच्या उन्हात न्हाई जमायचं. सोड नाद."

"सोडतीया कशाला? माझं म्हायार पाचगणीला हाय."

आजीने कपाळावर हात मारला. "बाया बाळंतपणाला म्हायारी जात्यात, ही कांद्याला घिऊन निघाली!"

ऐन गुऱ्हाळाचे दिवस होते, तरी शेवटचा कांदा घेऊन ती गेलीच. तिकडची तांबडी माती, त्यात वाळू, बुडाला भोक पाडलेलं गाडगं. ऊन कललं की गाडगं उघड्या कट्ट्यावर, सकाळी पुन्हा ओल्या पोत्याआड सावलीत. पाणी चूळभर. पौष सरला तरी कोंब दिसेना. तिचा भाऊ जोतिबा म्हणाला, "आक्का, उकरून बघू का?"

"हात तर लाव, मोडून ठेवते!"

माघात हिरवं टोक वर आलं. फाल्गुनात कळी धरली, तशी ती निघाली. मोटारीत, मग आगगाडीत, गाडगं मांडीवर आणि वर ओलं फडकं. एकजण म्हणाला, "बाई, खाली ठेवा की ते." चुलतीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो उठून दुसरीकडे जाऊन बसला.

घरी पोचेपर्यंत उन्हाने कळी अर्धी उघडली होती. लालभडक. काका ओसरीवर बसले होते. तिने गाडगं त्यांच्यापुढे ठेवलं. काका खाली वाकले. पाकळीला हळूच बोट लावलं.

"अगं," ते म्हणाले, "त्या दिशीचं कालवण लय कडू व्हतं."

चार महिने ती एवढंच ऐकायला थांबली होती. ती लहान पोरीसारखी रडली. मग पदराने नाक पुसलं, आणि तिचा आवाज पुन्हा चढला.

"आवं, मग तवाच बोलायचं की!"