बाद माल

थोरलीने आपल्या थप्पीवरची ओली पोती ओढून काढली आणि शेजारच्या थप्पीवर टाकली. ऊन मी म्हणत होतं. कालच साच्यातून काढलेले ब्लॉक आतून अजून कच्चे होते. त्यांना आठवडाभर पाणी पाजावं लागतं, हे कारखान्यातल्या सगळ्या बायकांना तिनेच शिकवलं होतं. आज तिने स्वतःच्या हाताने ते उन्हात उघडे टाकले आणि चोरी केल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, थरथरणारं एक टेबल आणि प्लास्टिकचे साचे. राख, दगडाची कच आणि जेमतेम सिमेंट यांतून खेड्यापाड्यांतल्या वाटांसाठी स्वस्तातले ब्लॉक निघायचे. जिची थप्पी तिची जबाबदारी. तपासणीत बाद झालेला माल जिने केला तिने घरी न्यायचा, अशी पहिल्यापासूनची रीत होती.

या रीतीने भलं झालं ते धाकट्या जावेचं. धाकटीचा हात भारी धसमुसळा. तिचे ब्लॉक साच्यातून निघतानाच कोपऱ्यात फुटायचे. ती बोलणी खायची, फिदीफिदी हसायची आणि संध्याकाळी हातगाडी भरून माल घरी न्यायची. तिचं अंगण कधीच पक्कं झालं होतं. थोरलीचा एक ब्लॉक बाद होईल तर शपथ! म्हणून तिच्या दारात अजून भुसभुशीत माती होती आणि त्या मातीत नवऱ्याच्या कुबड्या रुतत होत्या.

नवरा गवंडी. बांधकामावरून पडला तो कायमचाच घरी बसला. दुसऱ्यांच्या घरात लाद्या बसवण्यात हयात गेलेल्या माणसाला आपल्याच दारातून रस्त्यावर यायला बायकोचा खांदा लागत होता, आणि त्याला ते मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"दारापासून रस्त्यापर्यंत एवढा एक पट्टा होऊ दे," तो म्हणाला होता. "मग तुला हाक मारायचा नाही मी."

म्हणून या खेपेला तिने सिमेंट घालताना हात आखडता घेतला होता, पाणी सढळ ओतलं होतं. कोपरे मात्र तिच्याने मोडवले नाहीत. साचा उलटा करताना हात आपोआप हलका व्हायचा. हाताचं वळण, ते काय असं एका दिवसात जातं?

आठवड्याने तपासनीस आला. धाकटीचे निम्मे ब्लॉक त्याने बाजूला काढायला लावले. थोरलीच्या थप्पीपाशी तो थांबलासुद्धा नाही.

"ही भरा रे गाडीत."

"साहेब, जरा बघून तरी घ्या."

"तुमचा माल काय बघायचा, ताई? डोळे झाकून घ्यावा."

"या वेळी कच्चा राहिलाय. बाद करा."

तो हसला. धाकटी म्हणाली, "आमच्या जाऊबाईंचं हे नेहमीचंच. रंग जरा फिका पडला तरी यांच्या घशाखाली घास उतरत नाही."

थोरलीने दोन ब्लॉक उचलून एकमेकांवर आपटले. पक्का ब्लॉक खणखणतो. हे ओल्या लाकडासारखे बद्द वाजले. तपासनिसाचं हसू मावळलं. त्याने गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हर केव्हाचा हॉर्न वाजवत होता.

"कुठे जायचाय हा माल?" तिने विचारलं.

"दवाखान्याच्या उतारावर." त्याने आवाज खाली आणला. "गाडी अर्धी गेली तर माझी खरडपट्टी निघेल. तुमची थप्पी म्हटल्यावर तिथे कोणी हात लावूनही बघायचं नाही. कशाला आपलं नाव घालवता?"

नावाचं ऐकलं आणि तिने हातातले दोन्ही ब्लॉक परत थप्पीवर ठेवले. गाडी भरून गेली.

घरी आली तर नवरा अंगणात बसलेला, कमरेपर्यंत मातीने माखलेला. सकाळी ती "आज घेऊन येते" म्हणून गेली होती. दिवसभर बसल्या बसल्या सरकत त्याने माती सपाट केली होती, धोपटली होती, आणि दारापासून रस्त्यापर्यंत खुंट्या ठोकून दोरी ताणली होती. कामावर असतानाचा त्याचा चेहरा ती विसरूनच गेली होती. तो आज परत आला होता.

"कुठंयत ब्लॉक?"

"आज एकही बाद झाला नाही."

तो दोरीकडे बघत राहिला. मग हसला.

"माझंच चुकलं. तुझ्या हातचा माल बाद होईलच कसा?"

हे तो अभिमानाने म्हणाला. त्याने तिला चिडून चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"शेजारी सांगत होते, दवाखान्याच्या उतारावर तुझेच ब्लॉक पडणार," तो म्हणाला. "तिथे तरी एकटा चढेन मी. तू येऊ नकोस बरोबर."

"मी येणार."

"का गं?"

ती खाली वाकली आणि दोरी गुंडाळू लागली.