खिंडीपलीकडचा उतार

पहाट आधी शिखरांना दिसली. दरीत निळा काळोख अजून साचलेला होता, आणि वर, फार वर, हिमाच्या कडेवर केशरी उजेडाची एक रेघ थरथरत होती. वृक्षहीन, तृणहीन, निःशब्द असा तो लडाखचा मुलूख. तांबूस डोंगर, करडे डोंगर, जांभळे डोंगर. आणि त्यांच्या अंगावरून वळणं घेत आभाळाकडे निघालेला एकच एक रस्ता.

त्या रस्त्यावर नऊ सायकली चढत होत्या, मागून सामानाची गाडी. सायकलींत सर्वांत शेवटी होती कुमुद सप्रे. वय अठ्ठावन्न. चिपळूणच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला होता. कधी न पाहिलेल्या पर्वतांच्या रांगा खडूने काढल्या होत्या, आणि घंटा झाली की स्वतःच पुसून टाकल्या होत्या. तिच्यापुढे पिवळं जाकीट घालून मृदुला परचुरे, तिची शेजारीण. पन्नाशी उलटल्यावर दोघी एकदमच सायकल शिकल्या, एकदमच पडल्या, एकमेकींच्या गुडघ्यांना हळद लावत हसल्या.

खिंड गाठण्याचं कुमुदला अप्रूप नव्हतं. तिला हवा होता पलीकडचा उतार. बावीस किलोमीटरचा, अखंड, वाऱ्याच्या स्वाधीन झालेला उतार. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला नऊ वर्षं तिने उचललं, बसवलं, कुशीवर वळवलं. तो गेला, तरी उचलणं तिच्या खांद्यांतून गेलं नाही. एकदा, फक्त एकदा, काहीही न ओढता, काहीही न ढकलता तिला वाहून जायचं होतं.

म्हणूनच मार्चमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

चढ संपता संपेना. श्वास काचेसारखा टोचत होता. एक वळण, मग तसंच दुसरं, मग तसंच तिसरं. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. आभाळ होतं, पण ते निळं राहिलं नव्हतं, काळसर झालं होतं, खोल विहिरीसारखं. मोजणं सोडून, मागणं सोडून, कुमुद नुसती पाय फिरवत राहिली. आणि दुपारच्या सुमाराला रस्ता एकाएकी सपाट झाला.

खिंड! रंगीबेरंगी पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मृदुलाने तिला मिठी मारली. साताऱ्याचा हणमंत शेळके हा या गटाचा प्रमुख. त्याने कुमुदच्या उजव्या हातात चहाचा कप दिला.

कप थरथरला. चहा हिंदकळला, मनगटावरून ओघळला, दगडावर सांडला. हणमंत पाहत राहिला.

"ताई, सायकलवर बसा. उजवा ब्रेक दाबा बघू."

कुमुदने दाबला. बोटं निघाली, वाटेतच थांबली, जणू निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पुढचं चाक संथपणे घरंगळत राहिलं.

"थंडीनं बधिर झालाय हात."

"मग डावा का नाही झाला?" त्याने हळूच विचारलं.

कुमुदने ब्रेकवरून बोटं सोडवली. मग म्हणाली, "कंपवात आहे. मार्चपासून."

मृदुलाचा चेहरा पांढरा पडला. "आणि मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर येऊ दिलं असतंस?"



"चढलात ते तुमच्या हिमतीवर," हणमंत म्हणाला. "पण या उतारावर पुढच्या ब्रेकशिवाय मी तुम्हाला सोडू शकत नाही. गाडीत बसा, ताई."

त्याचं बरोबर होतं. कठोर काही नव्हतं त्याच्या आवाजात. असतं तर भांडता आलं असतं. त्याने सायकल उचलली, सामानाच्या गाडीच्या टपावर आडवी ठेवली, दोरीने करकचून बांधली.

"पुढच्या वर्षी येऊ आपण," मृदुला म्हणाली. "औषधं घेऊन, नीट तयारी करून..."

"पुढच्या वर्षी ब्लाउजचे हूक लावता येतायत का, ते बघू आधी."

"मग मीही गाडीतच बसते तुझ्याबरोबर."

"नको. शेजारी बसून रडशील. सायकलवरच जा तू."

मृदुला डोळे पुसत निघाली. एकेक करून सगळे निघाले. सर्वांच्या मागून, पहिल्या गिअरमध्ये कण्हत, गाडी.

उघड्या खिडकीतून कुमुद पाहत होती. पहिल्या वळणापर्यंत मृदुलाचे खांदे आखडलेले होते. दुसऱ्या वळणावर ते सैल झाले. तिसऱ्या वळणावर उताराने तिला उचललं. जाकिटात वारा भरला, आणि दरीतून एक आरोळी वर आली, कोवळी, बेभान, आनंदाने फाटलेली. मृदुलाला थांबवता न आलेली आरोळी. रागवावं असं तिच्यात काहीच नव्हतं. कुमुदने काच वर केली.

आवाज बंद झाला. पिवळा ठिपका लहान झाला, आणखी लहान झाला, नाहीसा झाला. उतार तोच होता, बावीस किलोमीटरचा, अखंड. तो चाकांखालून सरकत होता, आणि तिच्या अंगाला त्याचा वाराही लागत नव्हता.

मग डोंगर दुभंगले आणि खाली दूरवर एक सरोवर उघडं पडलं. खारं, पांढऱ्या काठांचं, निश्चल. चहूकडून हिमाचे ओहोळ त्याच्याकडे येत होते, चकाकत, धावत, वळत. आणि त्यातून बाहेर कुठेही, कुठल्याही दिशेला, एकही वाट निघत नव्हती. नुसतं ऊन पाणी पीत होतं. मागे मीठ उरत होतं. पांढरं, आणखी पांढरं मीठ.