कोरडा कपडा

गाड्यांना पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला सगळे नुसतं ‘भाऊ’ म्हणत. पन्नाशी उलटली होती, लग्न राहूनच गेलं होतं. आधी वडिलांचं आजारपण, मग थोरली बहीण लहान पोराला कडेवर घेऊन कायमची माहेरी आली, त्या भाच्याचं शिक्षण. या सगळ्यातून डोकं वर काढेपर्यंत लग्नाचं वय सिग्नल न पाळताच निघून गेलं. भाचा नोकरीला दूर गेला. आता वरच्या दोन खोल्यांत भाऊ आणि ताई, आणि खाली भाऊंचं वर्कशॉप.

पडदेवाल्या बाई पहिल्यांदा आल्या त्या तक्रार घेऊनच. पुढच्या चौकाच्या पलीकडे त्यांचं पडदे शिवायचं दुकान होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन परगावी होती. उतारवयात गाडी चालवायला शिकून, स्वतःच्या कमाईतून त्यांनी ही गाडी घेतली होती. तिच्यावर त्यांचा भारी जीव.

“हे बघा,” त्यांनी दार उघडून दाखवलं, “बाहेरून एक ओरखडा नाही. आणि आत बघा काय अवतार झालाय!”

गिअरच्या भोवती आणि पडद्याच्या, म्हणजे गाडीतल्या स्क्रीनच्या खाली चकचकीत काळी पट्टी होती. भाऊंनी हातातली बॅटरी पेटवून तिरकी धरली. सगळ्या पट्टीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे उमटले.

“मांजर पाळलंय का?” भाऊंनी विचारलं.

“गाडीत?” बाई हसल्या. “माणसं पाळता पाळता पुरेवाट झाली, मांजर कुठलं!”

भाऊंनी त्यांना स्टूल दिलं आणि कामाला लागले. आधी ओलसर मऊ फडक्यानं धूळ टिपून घेतली. कडांना चिकटपट्टी लावली. मग स्पंजाच्या लहान चकतीवर पॉलिशचा थेंब घेऊन, अजिबात जोर न देता, तळहाताएवढ्या जागेवर हळूहळू फिरवत राहिले. बाईंनी पिशवीतून अर्धवट शिवलेला पडदा काढला आणि बसल्या जागी त्याची कड शिवायला घेतली. मध्येच गिऱ्हाइकांच्या गमती सांगत होत्या. एकीनं म्हणे खिडकी एका घरची मोजली आणि पडदे लावायला गेली दुसऱ्या घरी. भाऊ इतके हसले, की चकती बाजूला ठेवावी लागली.

काम झालं. बाई आत वाकल्या, काळ्या पट्टीत स्वतःचा चेहरा पाहिला आणि कपाळावर आलेले केस सारखे केले. मग सवयीनं पर्समधून पडद्याच्या कापडाचा एक कोरडा तुकडा काढला आणि पट्टीवर भाऊंच्या बोटाचा ठसा उमटला होता, तो खसाखसा पुसून टाकला.

भाऊंना रोग तिथेच कळला. जाडंभरडं कोरडं कापड आणि त्याखाली धूळ. बाई ज्या मायेनं गाडी पुसत होत्या, त्याच मायेनं ती ओरखडत होत्या. एवढंच सांगायचं होतं, की कोरडं फडकं लावू नका. शब्द ओठांवर आले होते. पण बाई म्हणाल्या, “पुन्हा असं झालं तर येईन हं,” आणि भाऊंच्या तोंडून निघालं ते एवढंच: “या की.”

त्या आल्या. महिन्या-दोन महिन्यांनी येतच राहिल्या. गाडी सिग्नलला थांबली की बाईंचा हात पट्टीवर. हात स्वस्थ बसतच नाहीत, असं त्या स्वतःच म्हणत. इकडे भाऊंचे कान त्या गाडीच्या हॉर्नकडे लागलेले. मधले दिवस ते दुसऱ्यांच्या गाड्या घासत, पण रस्त्यावर तशा रंगाची गाडी दिसली की मान आपोआप वळे. आणि गाडी कुणा दुसऱ्याचीच निघे.

ताईच्या नजरेतून काही सुटत नसे. “आज दाढी केलीस? आणि हा इस्त्रीचा शर्ट? ऑइलचे डाग त्यावर जास्त खुलून दिसतात वाटतं!”

“ताई, गप बस ना.”

“मी गप्पच आहे रे. तूही गप्प. दोघांनी मिळून मौनव्रत धरलं तर त्या बाईला कळायचं कसं?”

भाऊ ताटावरून मान वर करत नसत. काय सांगणार? या वयात? लोक काय म्हणतील, हा प्रश्न नव्हताच. त्या काय म्हणतील, हा होता. नाही म्हणाल्या तर त्यांचं येणंही बंद होईल. त्यापेक्षा हे बरं. थोडे चरे, थोडं पॉलिश, तासभर गप्पा.

पण एके दिवशी भाऊंनी बॅटरी तिरकी धरली आणि पुन्हा जवळ नेऊन बघितलं. गिअरच्या कडेला पट्टी धुरकट दिसत होती. चरे काढायचे म्हणजे दर वेळी वरचा पारदर्शक थर थोडा थोडा झिजवायचा असतो, आणि तो थर असतो मुळात कांद्याच्या पापुद्र्याएवढा. आणखी एकदा चकती फिरली, तर खालचा रंग उघडा पडणार. त्या गाडीसाठी बाईंनी काय काय कष्ट उपसले होते ते भाऊंनी त्याच स्टुलाशेजारी बसून ऐकलं होतं.

त्यांनी चकती खाली ठेवली.

“बाई, आज पॉलिश करत नाही. आता करायला नको.”

“का हो?”

“हे चरे तुमच्या फडक्यानं पडतात. कोरडं फडकं धुळीवर घासलं की पडणारच. ओलं मऊ फडकं घ्या, नुसतं टिपा. पुन्हा यायची गरज पडणार नाही.”

बाईंची सुई थांबली. “तुम्हाला हे आज कळलं?”

भाऊंना खोटं बोलणं जमलं असतं, पण त्या सरळ डोळ्यांत बघत होत्या. “नाही. पहिल्याच दिवशी.”

“मग सांगितलं का नाहीत?”

भाऊ चकती पुसायला लागले. बाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. मग पडद्याची घडी घातली, भाऊंनी पुढे केलेलं मऊ फडकं घेतलं आणि गाडी काढली.

त्यानंतर वर्कशॉप मोठं वाटायला लागलं. हॉर्न वाजायचे, पण तो वाजायचा नाही. भाऊ एखाद्या संध्याकाळी चौकापर्यंत जात, पलीकडे दुकानातला दिवा दिसला की माघारी फिरत. ताईनं थट्टा बंद केली होती. भाऊंना त्याचंच जास्त लागे.

आणि मग बाई स्वतःच आल्या. गाडी बाहेर लावून चालत आत आल्या.

“एकही चरा नाही,” म्हणाल्या. “हे सांगायला आले. आणि मी चाललेय, हेही. लेकीला दुसरं बाळ व्हायचंय, तिला माणूस हवंय. दुकान माझ्या हाताखालच्या मुलीला सोपवलंय.”

भाऊ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“तुम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाहीत,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही यायच्या बंद झाल्या असत्या,” भाऊ म्हणाले. “म्हणून सांगितलं नाही.”

बाहेरून एक ट्रक गेला. बाई नेहमीच्या स्टुलावर बसल्या.

“मला राग आला होता,” बाई हळूच म्हणाल्या. “वाटलं, हा माणूस आपल्याला बनवत होता. आणि घरी जाऊन बसले तर करमेना. इथे बसून शिवलेल्या कडाच तेवढ्या सरळ आल्यात हो. बाकी सगळ्या उसवाव्या लागल्या.” त्या हसल्या, पण डोळे भरले होते. “आधी बोलायचं होतंत. निदान विचार तरी केला असता.”

“आता?”

“आता लेक वाट बघतेय.”

भाऊ गाडीपर्यंत गेले. बाईंनी काच खाली केली. मग मऊ फडक्यानं पट्टी एकदा टिपली. गाडी चौकात वळून दिसेनाशी झाली तरी भाऊ रस्त्यावरच उभे होते. शेवटी ताई खाली आली आणि त्यांच्या दंडाला धरून वर घेऊन गेली. ताटात वाढताना तिनं एवढंच विचारलं, “बोललास?”

“बोललो.”

“बरं केलंस,” ती म्हणाली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तसा.

मग बाळ झाल्याचा बाईंचा फोन आला. पुढे अधूनमधून फोन येऊ लागले. बाई बाळाच्या रडण्याबद्दल बोलत, जावयाच्या घोरण्याबद्दल बोलत, आणि बोलणं संपलं तरी कुणीच फोन ठेवत नसे. एकदा त्या म्हणाल्या, “या घराला खिडक्या फार. दुपारभर एकटीच शिवत बसते.”

भाऊंनी त्या दिवशी शटर लवकर ओढलं. वर जाऊन ताईला म्हणाले, “दोन दिवस कुणी गाडी घेऊन आलं तर सांग, भाऊ बाहेरगावी गेलाय.”

ताईनं का, कुठे, काही विचारलं नाही. कपाटातला चांगला शर्ट काढला आणि बटणं बघायला लागली.

बाईंच्या लेकीच्या गावाला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये भाऊंना खिडकीची जागा मिळाली. दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते वाटेत ठरवायचं होतं. एक वाक्य जुळवलं, ते फार मोठं वाटलं. दुसरं जुळवलं, ते खोटं वाटलं. बाहेर गावं मागे पडत होती आणि भाऊ मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते.