दाव्यावरचे अपूर्णांक

“स्नेहल, दावं ओलांडायचं न्हाई. आधी कपाळाला लाव, मंग ने.”

झुंबरबाईंचं हे सांगणं अजून माझ्या पिळांत घुमतं. मित्रांनो, मी एक जुनं दावं आहे, घायपाताच्या वाखाचं. घोडेगावजवळच्या गोठ्यात कपिला गाय मी कितीतरी वर्षं राखली. वसुबारसेला तिच्याबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं. मग चाऱ्याची टंचाई आली आणि कपिला बाजारात गेली. आमच्याकडे गाय विकतात, दावं देत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते म्हणतात. कपिला परक्या दोरीनं गेली आणि मी रिकामंच परत येऊन खुंटीवर लटकलं. बांधायला कुणी नाही, सोडायला कुणी नाही. जीव नुसता तगमगायचा.

अशातच शाळेत सुचित्राबाईंनी दोरी मागितली. सहावीच्या मुलांना अपूर्णांक आणि दशांश एकाच रेषेवर दाखवायचे होते. झुंबरबाईंची लेक स्नेहल त्याच वर्गात. मला देताना आईनं बजावलं, “नवी गाय आली की त्याच सांजेला दावं घरी पायजे. तिला पहिलं हेच बांधायचं.”

“आणते गं आई,” स्नेहलनं कबूल केलं.

वर्गात माझ्यावर दहा सारखे भाग पाडायचे होते. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मग मुलांनीच न्याय केला. कुणी रुसायला नको, दहा जणांनी एकेक वीत लावायची! धिप्पाड पोरं पुढं घुसली, बारकी मागं राहिली. प्रत्येक वितीला एक लाल दोरा बांधला. माझ्या टोकाला ०, दहावी वीत संपली तिथं १.

बाई परतल्या. “०.५ मोठं की ०.२५?”

“पॉइंट पंचवीस,” मोनिका म्हणाली. “पाचापेक्षा पंचवीस मोठेच की.”

वर्ग खिदळला. “मोने, शेपूट लांब म्हणून वासरू गायीहून मोठं का गं?” वरदनं टोमणा मारला. “पॉइंट पाच म्हणजे निम्मं. हे बघ!” त्यानं ० वर १ ठेवून मला ऐटीत दुमडलं. पण निम्मं पाचव्या दोऱ्याच्या अलीकडंच पडलं!

मोनिका उसळली. “बघा बाई, निम्मं आन पॉइंट पाच एका जागी न्हाईतच! मंग मी का ऐकू? मला न्हाई यायचं गणिताला.” ती मागच्या भिंतीकडं तोंड करून बसली.

स्नेहल तिच्याजवळ गेली. “मोने, तुला पटल्याबिगर मी दावं घरी न्हेणार न्हाई. शप्पथ.”

मी हादरलं. वचनं दोन आणि दावं एक! दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला, नवी गाय सांजेला टेम्पोतून दारात येणार. फळ्याशेजारच्या खिळ्यावर माझा पीळ सुटतो की काय असं झालं.

गणिताच्या तासाला माझे दोरे निरखून सुचित्राबाई हळू आवाजात म्हणाल्या, “मोनिकानं जे दिसलं तेच सांगितलं. दावंच चुकलंय.”

शरमेनं मी आवळून गेलं.

“भाग दहा आहेत, पण सारखे नाहीत. आता एकाच हातानं मोजू. मोनिका, ये बरं.”

ती पाय ओढतच आली. जुने दोरे सुटले. तिची इवलीशी वीत दहा वेळा माझ्यावरून सरकली, दर वितीला दोरा पुन्हा बांधला. दहावी संपली तिथं १ धरला, उरलेलं शेपूट बाजूला ठेवलं. तिनं मला दुमडलं. घडी नेमकी पाचव्या दोऱ्यावर पडली. पुन्हा दुमडलं, तर घडी दुसऱ्या आणि तिसऱ्या दोऱ्यांच्या मधोमध.

“हा पाव. म्हंजी पॉइंट पंचवीस?” तिचं बोट मागं-पुढं फिरलं. “अगं बाई! हे तर तिसऱ्याच्याबी अलीकडं. पॉइंट पाच लईच म्होरं हाय की!”

वरदला राहवेना. “मग पाव मोठा की पॉइंट तीन?”

“पॉइंट तीन. जरासंच, पन मोठं. आता तूच बस गप.”

सगळ्यांत आधी बाईच हसल्या.

मित्रांनो, आमची निगा राखा. आम्हाला ओलं टाकू नका, पायदळी तुडवू नका. आमच्यावर काही मोजाल तर एकाच मापानं मोजा. आणि चुकणाऱ्याला हसण्याआधी एकदा दावं तपासून बघा.

शाळा सुटली. शेवटचा दोरा मोनिकानं स्वतः सोडला. “ने आता,” ती म्हणाली. स्नेहलनं मला वेटोळं करून खांद्यावर घेतलं. मैत्रिणी चिंचेखाली रेंगाळल्या होत्या, हाका मारत होत्या. तिनं नुसता हात हलवला आणि पाटाच्या कडेनं झपाझप घराची वाट धरली.