कॉफीच्या डब्यांतली गाडी

मी एक जुनी मोटारगाडी आहे. पण मित्रांनो, मी सध्या पुरती एका जागी नाही. माझे दोन्ही दरवाजे भिंतीला टेकून उभे आहेत. काचा चादरीत गुंडाळलेल्या आहेत, दिवे फडताळात आहेत. उरलेले बोल्ट आणि स्क्रू कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पडून आहेत. तरी मला सगळीकडचे जाणवते. फळीवरचा एखादा डबा हलला, की माझेच काहीतरी खुळखुळते.

१९७० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात माझा जन्म झाला. तेव्हा हलक्या अंगात दांडगे इंजिन बसवायची टूम होती. मला गडद हिरवा रंग दिला होता. माझा पहिला धनी सिग्नलपाशी शेजारच्या गाडीकडे बघून नुसता हसायचा आणि दिवा बदलला की आम्ही सुटायचो. लोक माना वळवून बघत. पुढे पेट्रोल महागले आणि माझी भूक सगळ्यांना खुपू लागली. हातोहात फिरत मी उत्तरेला आले. इकडे बर्फ वितळावे म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ आवाज न करता खाते. शेवटी मी एका गोठ्यामागे बारा वर्षे उभी राहिले. माझ्या तळातून गवत वर आले.

१९९६ साली रेइनो कोस्की मला बघायला आला. तो इशपेमिंग गावाजवळच्या लोखंडाच्या खाणीत कामाला होता. माझ्या गंजलेल्या भोकात त्याने बोट घातले आणि मला दुखू नये अशा बेताने बाहेर काढले. बाराशे डॉलर देऊन त्याने मला घरी आणले.

"किती दिवस लागतील?" त्याच्या बायकोने, लॉर्नाने विचारले.

"दोन उन्हाळे. फार तर तीन."

"आणि पैसे?"

"चार हजारांत चकाचक."

"तीन पायऱ्यांचा जिना दुरुस्त करायला तू चार वर्षं लावलीस, रेइनो."

त्यांची अकरा वर्षांची मुलगी एलिना खो खो हसली. तेव्हा ती माझ्यावर रागावलेली नव्हती.

रेइनोची कामाची एक रीत होती. खाणीतून आला, की तो माझा एकच भाग सोडवायचा. तो घासायचा, गंज काढायचा, नवा तुकडा जोडायचा. मग त्याचे बोल्ट डब्यात घालून वर पांढरी चिकटपट्टी लावायचा. एका बंपरला चकाकी आणायला महिनाभराच्या जादा पाळ्या गेल्या. दाराची एक मूठ शोधायला तीन वर्षे. चार हजार कधीच मागे पडले; स्वयंपाकघरासाठी साठवलेले पैसेही माझ्यातच गेले. लॉर्ना पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "हे आमचं नवीन स्वयंपाकघर."

पण त्याने एक चूक केली. चिकटपट्टीवर तो भागाचे नाव लिहीत नसे. त्या दिवशी जे घडले ते लिहायचा.

"अरे, फोटो काढून ठेव," त्याचा मित्र गॉर्डी म्हणायचा. गॉर्डी गावातला जुना मेकॅनिक.

"कशाला? दिवस आठवला की मला काम आठवतं."

"आणि तू नसलास म्हणजे?"

"मग तुला काम मिळेल."

अठरा वर्षांत मी पुरती सुटी झाले. लॉर्ना आजारपणात वारली. माझा नुसता सांगाडा रंगाऱ्याकडून रंगून परत आला. मग एका फेब्रुवारीत दारापुढचे बर्फ उपसताना रेइनो खाली बसला, तो उठला नाही. तेव्हा गराजमध्ये एकशे चौऱ्याहत्तर डबे होते आणि त्यांची किल्ली एका डोक्यात होती.

एलिना मिलवॉकी शहराहून घर आवरायला आली. एक व्यापारी मला सगळ्या डब्यांसकट भंगाराहून जरा बऱ्या भावाने न्यायला तयार होता. तो शनिवारी येणार होता. शुक्रवारी तिने गॉर्डीला बोलावले. गॉर्डीने एक डबा उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"'तलाव गोठला.' आता हा बोल्ट कुठला, तलावाला विचारू?"

"पुढचा वाचा."

"'हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस.' हा तर दर वर्षी येतो! 'गॉर्डी छपरावरून पडला.' हेसुद्धा लिहिलं लेकाच्याने!"

"ते दोन हजार सात," एलिना म्हणाली. "आईने फोनवर सांगितलं होतं. तुमच्या दोन बरगड्या."

"तीन."

तिने तो डबा गॉर्डीच्या हातातून घेतला. मग जमिनीवर बसून तिने डबे वर्षांच्या क्रमाने मांडायला सुरुवात केली. 'लॉर्नाचं ऑपरेशन' उजवीकडे. 'एलिनाचा पहिला पगार' त्याच्या डावीकडे. 'लॉर्नाशिवाय दुसरा नाताळ' अगदी टोकाला.

"शेवटी काढलेलं आधी बसतं ना, गॉर्डी?"

"नेहमीच."

"मग हे उलटं वाचत गेलं, की गाडी उभी राहील."

एक डबा मात्र तिने बराच वेळ हातात धरला. त्यावर लिहिले होते, 'एलिना गेली.'

"२००३," ती म्हणाली. "मी शिकायला घर सोडलं तो दिवस. आदल्या रात्री मी बाबांना म्हटलं होतं, तुम्हाला मुलगी नको, बोल्ट हवेत. सकाळी आई मला बसपर्यंत सोडायला आली. ते इथे होते. आणि बघा, त्या दिवशीसुद्धा त्यांनी बोल्टच काढले."

"उघडून तर बघ."

"आत्ता नको. पाळी येईल तेव्हा."

व्यापाऱ्याला तिने नको म्हणून कळवले. तेव्हापासून दोन वर्षे ती महिन्यातून दोनदा पाच तास गाडी चालवत येते. गॉर्डी येताना वेलदोड्याचा पाव आणतो आणि ती पाना कसा धरते ते बघून कपाळाला हात लावतो. आधी चाकांचे आस बसले, मग इंजिन, मग पुढची सीट. एकेक दिवस मागे जात होता. लॉर्ना पुन्हा आजारी पडली, मग पुन्हा बरी झाली. रेइनोच्या अक्षराची थरथर कमी कमी होत गेली.

गेल्या ऑक्टोबरात त्या डब्याची पाळी आली. एलिनाने झाकण काढले.

डबा रिकामा होता.

"सांडलं असेल कुठे," गॉर्डी म्हणाला. त्याने फळ्या धुंडाळल्या. माझ्या सगळ्या सांध्यांवरून बोटे फिरवली. "नाही गं. सगळं जागच्या जागी आहे. कमी काहीच नाही."

मला सांगता आले असते, तर मी सांगितले असते. त्या दिवशी सकाळी तो पाना घेऊन माझ्याजवळ आला होता. बाहेर लॉर्नाची गाडी निघाल्याचा आवाज आला. तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला. मग माझ्या सीटवर बसला. तेव्हा मला दारे नव्हती, काचा नव्हत्या. पाना मांडीवर ठेवून तो संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. उठला तेव्हा त्याने एक डबा घेतला, पट्टी चिकटवली, तीन वेळा पेन घेऊन खाली ठेवले आणि मग ते दोन शब्द लिहिले.

एलिनाने पट्टीवरून बोट फिरवले. डबा घेऊन ती माझ्या सीटवर येऊन बसली. मित्रांनो, एलिना गेली त्या दिवशी मी जेवढी उरले होते, नेमकी तेवढीच आता पुन्हा झाले होते. दारे नाहीत, काचा नाहीत, तीच सीट. आत कोण बसले आहे हे मला क्षणभर कळेना.

"काही काढलंच नाही त्यांनी," ती म्हणाली.

गॉर्डीने पाव कापला आणि तिच्या हातात दिला. तिने तो खाल्ला, हात पुसले आणि पुढचा डबा उघडला.

मला पूर्ण व्हायला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल. तुमच्याही घरी कुणीतरी एखाद्या जुन्या वस्तूवर वाकून बसत असेल. आणखी किती दिवस, असे त्याला विचारू नका. ते त्यालाही ठाऊक नसते. स्टूल ओढून शेजारी बसा आणि हा बोल्ट कुठला, एवढे विचारा. मी अठरा वर्षे रेइनोच्या समोर होते. मला सगळे दिसत होते, पण विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.