निळ्या टाकीपासून डावीकडे

“अगं, कणीस गार होतंय.”

दोन्ही हातांत भाजलेली कणसं धरून मास्तर भर गर्दीत उभे होते. ताईंचं लक्ष समोरच्या वळणावर होतं.

“अहो, इथे हिरव्या गॅलऱ्यांचा लॉज हवा. तीन मजली.”

“लॉज कशाला? घर आहे की आपलं!”

कणीसवाला खो खो हसला. “तो पाडला हो काकू. चार वर्षं झाली. आता मोबाइलचं दुकान आहे तिथं.”

ताईंनी पर्समधून वही काढली, लॉजवर काट मारली आणि दुकानाचं नाव लिहून घेतलं. घरातून निघाल्यापासूनची ही सातवी काट.

ताई तेवीस वर्षं रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात होत्या. खोलीला खिडकी नव्हती. कानाला हेडफोन लावायचा, घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घ्यायचा आणि ड्रायव्हरला वाट सांगायची. “ताई, कुठून वळू?” असं ड्रायव्हरने विचारायचा अवकाश, की त्या घडाघडा सांगत. सगळ्या खुणा कक्षातल्या एका वहीत होत्या; तिचीच नक्कल आता ताईंच्या पर्समध्ये होती. जुन्या माणसांनी लिहिलेल्या आणि नव्यांनी पाठ केलेल्या. ताईंना तर पानंच्या पानं तोंडपाठ. पण त्यांतली निम्मी ठिकाणं त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. घर, बस, ती खोली आणि परत घर.

मंगळवारी त्यांनी सांगितलं, “निळ्या टाकीपासून डावीकडे.” ड्रायव्हर नवा होता. टाकी शोधत तो नाल्यापर्यंत गेला आणि परत आला. टाकी तीन वर्षांपूर्वीच पाडली होती. त्यात नऊ मिनिटं गेली. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत पेशंट गेला होता. साहेब एवढंच म्हणाले, “होतं असं कधीकधी.” ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. “सोमवारी अर्ज देते. मला भांडारात टाका म्हणते. चादरी मोजीन, पण त्या खुर्चीवर बसणार नाही,” त्यांनी मास्तरांना सांगून टाकलं.

मास्तर चौथीचा वर्ग शिकवत. गणिताला घाबरलेल्या पोराला फळ्यापाशी ओढायचं नसतं, आधी त्याला मैदानात न्यायचं असतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. ते म्हणाले, “सोमवारचं सोमवारी. शनिवार-रविवार आपण आपलंच शहर पाहुण्यासारखं बघू. संध्याकाळी खाणं, दिवे, गाणी. सकाळी टेकडीची पायवाट.”

पण पाहुण्याच्या पायाला अशी भिंगरी नसते. कणीसवाल्याच्या पुढच्या चौकात पोरंपोरी गिटारच्या तालावर नाचत होती. मास्तर कडेला उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात लांबून सायरन ऐकू आला आणि ताईंनी कान टवकारले.

“सात नंबरची गाडी. ब्रेक लागला की किंचाळते. आता कुठून वळेल ती?”

“तुझी सुट्टी आहे गं.”

“तिची नाही ना.”

कणीस तसंच राहिलं. घरी गेल्यावरही ताई खिडकीपाशी बसून होत्या.

सकाळी टेकडीवर मास्तरांना दम लागला, ताई मात्र पुढेच. माथ्यावरून सगळं शहर दिसत होतं. मास्तर वर्गात नकाशा दाखवावा तसे बोट दाखवत सांगत होते, “ती आपली शाळा. ते स्टेशन.” ताई पाठ फिरवून दुसऱ्या उतारावर पोचल्यासुद्धा.

“अगं, वाट इकडे आहे!”

“मंगळवारची ती वस्ती इकडे आहे.”

मास्तर ताईंच्या मागे उतरू लागले. मग हळूच म्हणाले, “काय म्हणून जाणार आहेस तिथं?”

“तुम्हीच म्हणालात ना पाहुण्यासारखं? पाहुणी म्हणून जाते.”

दुसरी गल्ली, पाचवं घर. पत्ता विसरणं शक्यच नव्हतं. एक म्हातारी पायरी झाडत होती. ताईंच्या तोंडातून भलतंच निघालं, “मावशी, इथे निळी टाकी होती, ती कुठे?”

झाडू थांबला. म्हातारीने नीट वर पाहिलं.

“तुम्ही फोनवरच्या. मला मावशी म्हणत होतात. त्यांना कुशीवर वळवा, घाबरू नका, म्हणत होतात.”

मास्तर लगबगीने पुढे झाले. “नाही हो, आम्ही जरा वाट चुकलो...”

“अहो, थांबा.” ताईंनी त्यांना अडवलं. “मीच ती. टाकी पाडलीय हे मला ठाऊक नव्हतं. टाकीपासून वळा, असं मीच सांगितलं गाडीला. म्हणून उशीर झाला.”

म्हातारीने पायरीवरचा कचरा एका कडेला लोटला. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर बंद केला.

“आम्हीपण अजून टाकीच म्हणतो,” ती म्हणाली. “भाजीवालीला, पाहुण्यांना, सगळ्यांना. फोनवर मीसुद्धा तेच सांगितलं असतं, तुम्ही विचारलं असतंत तर.” मग तिचा आवाज किंचित चढला. “पण उशीर झाला हो. फार उशीर झाला.”

“हो,” ताई म्हणाल्या.

म्हातारीने झाडू भिंतीला टेकवला, चपला घातल्या. “चला.”

ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली. मागोमाग ताई, त्यांच्या मागे मास्तर.

“टाकीच्या जागेवर हे सायकलचं दुकान. रात्रीसुद्धा दिवा असतो. इथून वळायला सांगा. उद्या कामावर आहात ना?”

ताईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर रस्त्याकडे बघत होते.

“आहे,” ताई म्हणाल्या.

“मग नीट बघून घ्या.” म्हातारी गल्लीत शिरली. पोराला उजळणी शिकवावी तशी प्रत्येक फाटकाला हात लावत मोठ्याने मोजू लागली. “हे एक. हे दोन, याला घंटी आहे. हे तीन. चार, इथं कुत्रा असतो, पण चावत नाही.”

पाचव्या फाटकापाशी ती थांबली. कडीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“आणि हे आमचं.”